धावपटू हेरायचा कसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास नागपूरहून उमरेडकडे, काटोलकडे किंवा भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं, की एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्याच्या कडेनं मुलं-मुली पळत असतात. कुणाच्या पायात झिजलेले बूट, कुणाच्या पायात साधे कॅनव्हासचे, तर कुणी अनवाणीच. ऑलिम्पिकशी यांतल्या बहुतेकांना काही देणंघेणं नसतं. ती पोलीस भरतीची, नाहीतर सैन्यभरतीची तयारी करत असतात. विदर्भात लांब पल्ला पळायला शिकवणारी सगळ्यांत मोठी शाळा कोणती, असं मला कुणी विचारलं, तर मी कुठल्या स्टेडियमचं नाव घेत नाही. भरतीसाठी पळणाऱ्यांचा हा रस्ता, एवढंच सांगतो.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना सराव देण्याचं काम मी करतो. त्यामुळे एक विनंती माझ्याकडे सारखी येते. "सर, आमचा पोट्टा लय पळते, त्याला तुमच्या गटात घ्या ना." कधी वडील येतात, कधी शाळेतले क्रीडाशिक्षक फोन करतात. त्यांना वाटतं, मी घड्याळ लावीन, मुलाला पळायला सांगीन आणि हो किंवा नाही म्हणून मोकळा होईन. निवड इतकी सोपी असती, तर या कामाला प्रशिक्षक लागलाच नसता. नवा मुलगा किंवा मुलगी गटात घेताना नेमकं काय पाहायचं असतं, आणि घेतल्यावर आपण कशाला बांधले जातो, हे आज सांगायचं आहे.

आधी गट म्हणजे काय ते पाहू. पाच हजार, दहा हजार मीटर किंवा मॅरेथॉन ही शर्यत माणूस एकटा पळतो, पण तिचा सराव एकट्यानं होत नाही. आठवड्याला शंभर-शंभर किलोमीटर पळायचं, तेही वर्षानुवर्षं, तर बरोबरीला कुणीतरी लागतं. आज माझे पाय जड असतील तर तू पुढं राहा, उद्या मी राहीन, अशी ती देवाणघेवाण असते. दहा-बारा जणांचा गट असला की हे जमतं. पण गट कायम भरलेला राहत नाही. कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं, कुणाच्या गुडघ्याला दुखापत होते, कुणी बारावीच्या परीक्षेसाठी थांबतं. दर वर्षी दोन-तीन नवे आले नाहीत, तर तीन-चार वर्षांत गट संपतो. शिवाय मागून कुणीतरी येतं आहे हे दिसलं, की पुढचेही ढिले पडत नाहीत.

याचं आपल्या महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण नाशिकचं आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत प्रशिक्षक विजेंदरसिंग यांच्याकडे सराव करायला लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. त्याच नाशिकमधून पुढं मोनिका आथरे आणि संजीवनी जाधव आल्या. २०१७ साली मोनिका लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली, तर संजीवनीनं भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्यपदक घेतलं. एकाच गावात अशी रांग लागते ती योगायोगानं लागत नाही. पुढच्या मुलीला मागची मुलगी रोज डोळ्यांनी पाहते, तिच्यामागं पळते, आणि "ही करू शकते तर मीही करीन" असं तिला वाटायला लागतं.

नागपूरलाही हे बळ आहे. रोहिणी राऊतसारखी धावपटू इथली. २०१९ मध्ये इटलीत नेपल्सला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पाच हजार मीटर धावलेली प्राजक्ता गोडबोलेही इथलीच. म्हणजे पळणारी मुलं आपल्याकडे नाहीत, असं कुणी म्हणू नये. ती आहेत. त्यांना वेळेवर ओळखणं आणि टिकवणं, हा खरा प्रश्न आहे.

आता भरतीच्या रस्त्यावरचं पळणं आणि वरच्या दर्जाचं पळणं यांत अंतर किती, ते आकड्यांत पाहू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडच्या नियमांनुसार मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर. २ मिनिटं ५० सेकंदांत आलं तर पूर्ण गुण. मुलाचा हा वेग किलोमीटरला साधारण ३ मिनिटं १४ सेकंद होतो, मुलीचा ३ मिनिटं ३२ सेकंद. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. किलोमीटरला २ मिनिटं ४३ सेकंद, तेही २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या ओलांडून! कविता राऊत दिल्लीत दहा हजार मीटर ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत धावली. म्हणजे भरतीत मुलगी ८०० मीटर ज्या वेगानं पळून पूर्ण गुण मिळवते, त्याहून किलोमीटरला चौदा सेकंद जलद वेगानं कविता सलग दहा किलोमीटर पळाली.

हे आकडे ऐकून मुलांनी घाबरावं म्हणून मी सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी, की हे अंतर एका उन्हाळी शिबिरात भरून निघत नाही. त्याला आठ-दहा वर्षं लागतात. म्हणून निवड करताना आज हा किती वेगानं पळतो, याहून हा दहा वर्षं पळेल का, हा प्रश्न मोठा ठरतो.

अविनाश साबळेचंच पाहा. तो बारावीनंतर सैन्यात गेला. महार रेजिमेंटमधून सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, सिक्कीममध्ये राहिला. २०१५ साली तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला. तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस होतं. पुढच्याच वर्षी त्यानं गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा, ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, २०२३ मध्ये हांगझूला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हिची गोष्टही अशीच. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत अव्वल येणारी ही मुलगी २०१४ मध्ये स्टीपलचेसला लागली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय महिला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी, की बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाच्या कपाळावर "हा पंधराशेचा", "ही मॅरेथॉनची" असा शिक्का मारायचा नसतो. दुसरी अशी, की चौदाव्या वर्षी ज्याला कुणी विचारलं नाही, तो बाविसाव्या वर्षीही सापडू शकतो. भरतीच्या रस्त्यावर पळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या दृष्टीनं म्हातारा झालेला नसतो.

मग शोधायचं कुठं? एक वाट सरकारी आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयाच्या मुलांची निवड होते. तिथं उंची-वजन, लवचिकता, उभी उडी, मेडिसीन बॉल फेक, तीस मीटर धाव, शटल रन, आठशे मीटर धाव अशा चाचण्या असतात. सर्वसाधारण क्रीडागुण ओळखायला त्या चांगल्या. पण लक्षात घ्या, त्यांतल्या बऱ्याचशा ताकदीच्या आणि चपळाईच्या आहेत. लांब पल्ल्याचा धावपटू बहुधा किडकिडीत असतो. त्याला चेंडू लांब फेकता येत नाही, उडीही फारशी येत नाही. तो अशा चाळणीतून सहज खाली गळून पडतो. म्हणून दुसरी वाट हवी, ती शाळेतल्या मास्तरांची.

जगातली दोन उदाहरणं देतो. केनियात इटेन नावाचं, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरचं गाव आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली कोम ओकॉनेल नावाचे आयर्लंडचे धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. ॲथलेटिक्सचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मुलांना पळताना बघत बघत ते शिकले आणि पुढं डेव्हिड रुडिशासारखा आठशे मीटरचा विश्वविक्रमवीर त्यांच्या हाताखाली तयार झाला. इथिओपियातल्या बेकोजी गावचे सेंतायेहू एशेतू हेही शाळेतले व्यायामशिक्षक. देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा असे ऑलिम्पिक विजेते त्या एका गावातून आले. उंचीवरची हवा तिथं मदतीला होती, हे खरं. पण उंचीवरची गावं जगात हजारो आहेत. मुलांना रोज पाहणारा आणि वर्षानुवर्षं एकाच जागी ठाण मांडून बसणारा माणूस मात्र सगळीकडे नसतो. आणि उंची नसली तरी चालतं, हे न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी दाखवलं. ऑकलंडमधल्या आपल्या आसपासच्या मुलांना त्यांनी पळवलं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्यातल्या पीटर स्नेलनं आठशे मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं पाच हजार मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं कांस्य घेतलं.

विदर्भात असा शोध घ्यायचा तर गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, गोंदिया इथल्या आश्रमशाळांकडे जावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधून 'मिशन शौर्य' साठी दहा विद्यार्थी निवडले गेले आणि त्यांतले पाच जण मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले, हे आपल्याला आठवत असेल. त्यांना एका दिवसाच्या चाचणीवर थेट हिमालयात धाडलं नव्हतं. टप्प्याटप्प्यानं तयारी होत गेली आणि त्यातून शेवटची नावं ठरली. धावपटूच्या निवडीलाही हाच मार्ग लागू पडतो.

याला विज्ञानाचाही आधार आहे. अमेरिका आणि कॅनडात 'हेरिटेज' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ माणसांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. व्यायाम करताना शरीर एका मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. सरासरीनं सगळे सुधारले, पण काहींमध्ये जवळजवळ काहीच फरक पडला नाही आणि काहींची क्षमता लिटरभरानं वाढली. व्यायाम तोच, वेळ तेवढाच. पण शरीराचा प्रतिसाद वेगवेगळा. घराण्यातून येणाऱ्या गुणांचा यात मोठा वाटा असल्याचं दिसलं. याचा अर्थ असा, की पहिल्या दिवशीचं घड्याळ आपल्याला फक्त आजची स्थिती सांगतं. सराव अंगी किती लागेल, हे सराव दिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी चाचणी दोनदा घेतो. पहिल्या दिवशी दोन हजार मीटर, म्हणजे ट्रॅकचे पाच फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याची वेळ वेगळी लिहून ठेवतो. समजा, एक मुलगा पहिला फेरा ६६ सेकंदांत काढतो, मग ७१, ७५, ७९, ७९ करत ६ मिनिटं १० सेकंदांत येतो. दुसरा पाचही फेरे ७८ सेकंदांत काढून साडेसहा मिनिटांत येतो. बघणारे पहिल्यासाठी टाळ्या वाजवतात. मी दोघांनाही थांबवून घेतो. सहा आठवडे हलका सराव देतो, असा की पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मग पुन्हा तीच चाचणी. पहिला ६ मिनिटं ८ सेकंदांवर आला आणि दुसरा ६ मिनिटं १४ सेकंदांवर, तर माझं मन दुसऱ्याकडे झुकतं. त्याचं शरीर सराव घेतं आहे आणि आपला दम कुठं खर्चायचा, हे त्याला उपजत कळतं.

या सहा आठवड्यांत घड्याळात न दिसणारं पुष्कळ दिसतं. पावसात कोण येतं? हरल्यावर कोण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर असतं? हळू पळ म्हटल्यावर खरोखर हळू कोण पळतं? हा शेवटचा गुण फार दुर्मीळ. रोज शर्यत लावणारा मुलगा वर्षभरात स्वतःलाही जखमी करतो आणि गटालाही.

गैरहजेरीबद्दल मात्र एक सांगतो. आपल्याकडे गैरहजर मुलाचं नाव लगेच कापू नये. भंडारा-गोंदियाकडे जुलैत धानाची रोवणी असते. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, त्यानंतर तेंदूपत्ता. या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस मजुरीला लागतं, कारण वर्षाचा पैसा तेव्हाच हातात येतो. तेव्हा पंधरा दिवस न आलेला मुलगा आळशी असेलच असं नाही. परत आल्यावर तो कसा पळतो, ते पाहावं.

वयाचा प्रश्नही इथंच येतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्यांची वाढ लवकर झालेली असते, ती मुलं शालेय स्पर्धांत पुढं असतात. सोळा-सतराव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात. प्रशिक्षकाला पदकाची घाई असली, की तो लवकर वाढलेल्यांनाच निवडतो, त्यांच्यावर मोठ्यांचा सराव लादतो, आणि अठराव्या वर्षी ते मूल कंटाळून किंवा दुखापतीनं बाहेर पडतं. त्यातच दाखल्यावर वय कमी लावण्याची वाईट सवय. मोठ्या स्पर्धांत हल्ली मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. वयचोरीनं मिळालेलं पदक मुलाच्या पुढच्या वाटेत खड्डा खणतं, कारण खुल्या गटात वय लपवून काही उपयोग नसतो.

विदर्भातल्या प्रशिक्षकानं एक गोष्ट कधीही टाळू नये, ती म्हणजे रक्ततपासणी. त्यात दोन भाग. पहिला हिमोग्लोबिनचा. आपल्याकडच्या किती तरी मुली रक्त कमी असतानाच पळायला येतात. प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी असेल, तर ती मुलगी मागं पडते आणि आपण म्हणतो, हिच्यात दम नाही. तिला डॉक्टरांकडून लोहाचा उपचार मिळाला, जेवणात डाळ, हिरव्या भाज्या, चालत असेल तर अंडी-मटण आलं, की काही महिन्यांत तीच मुलगी वेगळी दिसते.

दुसरा भाग सिकलसेलचा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरवलं गेलं. इथं रुग्ण आणि वाहक हा फरक नीट समजून घ्या. आई-वडील दोघांकडून दोष आलेला असेल तर मूल रुग्ण असतं. त्याला अशा कडक सरावात घालणं धोक्याचं; त्याच्या खेळाचा निर्णय डॉक्टरांनीच करायचा. एकाकडूनच दोष आला असेल तर ते वाहक. वाहक निरोगी असतो, खेळू शकतो, स्पर्धाही जिंकू शकतो. मात्र कडक ऊन, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि त्यात अचानक जिवापाड धाव, हे तिन्ही एकत्र आलं तर वाहकाच्याही जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत २००६ साली एका विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूचा सरावानंतर असा मृत्यू झाला. त्यानंतर तिथं २०१० पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही तपासणी आली. त्यामागचा हेतू वाहकाला काढून टाकण्याचा नव्हता, त्याला सांभाळण्याचा होता. आपणही तेच करावं. वाहक मुलाचा सराव हळूहळू वाढवायचा, मध्ये पुरेशी विश्रांती द्यायची, पाणी द्यायचं आणि तो "पाय भरून आले सर" म्हणाला तर तिथंच थांबवायचं. आणि हा अहवाल गटात चारचौघांत वाचून दाखवायचा नाही. गावात त्यावरून मुलीचं लग्न अडतं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर नागपूरचं ऊन विसरता येत नाही. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एप्रिल-मे हा नवा धावपटू घेण्याचा काळ नव्हे. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात आणि नागपूरच्या मे महिन्यात तर सवय असलेलेही सूर्य वर यायच्या आत सराव आटोपतात. मी नव्यांना पावसाळ्यात बोलावतो. जुलैत सुरुवात झाली, की डिसेंबरच्या थंडीत क्रॉस कंट्रीच्या वेळेपर्यंत त्यांचे पाय तयार होतात.

आता सगळ्यांत अवघड चाचणी सांगतो. ती मैदानावर होत नाही, मुलाच्या घरी होते. मी घरी गेल्याशिवाय कुणालाही गटात घेत नाही. तिथं जाऊन मी फार विचारत नाही. भाऊ, हा पहाटे घरून निघाला की परत आल्यावर खाणार काय? ताई, मुलगी अंधारात निघणार, मैदानापर्यंत तिच्यासोबत कोण? आणि तिसरं, तीन वर्षं एकही पदक आलं नाही, तरी तुम्ही पाठवाल का? "पोट्टी पळते चांगली, पण इतक्या पहाटी धाडू कशी?" असं एखादी आई म्हणते, तेव्हा ती मुलीच्या आड येत नसते. ती बरोबर प्रश्न विचारत असते. मैदानावर मुलींना कपडे बदलायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का, सोबत एखादी महिला प्रशिक्षक किंवा मोठी खेळाडू आहे का, याचं उत्तर देता येत नसेल तर मुलगी मागायचा आपल्याला अधिकार नाही. मुली धावायला येत नाहीत, अशी तक्रार करण्याआधी हे तपासावं.

खर्चाचंही स्पष्ट बोलावं. चांगल्या बुटांची जोडी सहाशे-आठशे किलोमीटर चालते. आठवड्याला ऐंशी-शंभर किलोमीटर पळणाऱ्याची जोडी दोन महिन्यांत संपते. तीनशे-चारशे रुपये रोजावर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही, तेव्हा ते कोण देणार, हे आधी ठरलेलं बरं. आणि पालकांना मी एक गोष्ट बजावून सांगतो: कुणीही ताकदीचं इंजेक्शन किंवा बिनलेबलाची पावडर देऊ केली, मग ती मी दिली तरी, घ्यायची नाही.

पहिले सहा महिने नव्याला मुख्य गटाबरोबर जोराचा सराव करू देत नाही. तो अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर सावकाश पळतो, व्यायामाचे धडे घेतो, वेळेवर झोपायला शिकतो आणि शाळेत जातो. शाळा सुटता कामा नये, ही माझी अट आहे.

कारण एक कटू सत्य आहे आणि ते कुठल्याही प्रशिक्षकानं पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. बारा मुलं घेतली तर त्यांतलं एखादं राष्ट्रीय पातळीवर पोचतं. पुष्कळदा तेही नाही. शिवनाथसिंग यांनी १९७८ साली जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली होती. त्या वेळेच्या पुढं जायला चार दशकांहून अधिक काळ एकाही भारतीयाला जमलं नाही. इतकी ही वाट अवघड. मग उरलेल्या अकरा जणांचं काय? त्यांनी आपली सहा-आठ वर्षं आपल्या शब्दावर दिलेली असतात.

त्यांच्यासाठी वाटा आहेत, पण त्या आधीपासून डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सैन्य, पोलीस इथं धावपटूंना जागा मिळते. कविता राऊत ओएनजीसीत लागली, ललिता बाबर राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. पण यांतल्या बहुतेक जागांना दहावी-बारावी, पदवी लागते, प्रमाणपत्रं नीट जपलेली लागतात. मुलगा पळण्यात हुशार म्हणून नववीत शाळा सोडून मैदानावर आणला आणि विसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला, तर तो भरतीच्या रस्त्यावरही परत जाऊ शकत नाही. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला मी भरती सोडायला कधी सांगत नाही. "वर्दी मिळव आणि वर्दीतून पळ," असंच सांगतो. साबळेनं हेच केलं.

आपल्यापैकी जे शिक्षक असतील त्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या शर्यतीत पहिला आलेल्याचं नाव तर कळवाच. पण पाचवा-सहावा येऊनही शेवटच्या फेऱ्यात ज्याचा वेग पडला नाही, तीन-चार किलोमीटरवरून पायी शाळेत येऊनही जो मधल्या सुट्टीत पळतच असतो, त्याचंही नाव एका वहीत लिहून ठेवा. महिन्यातून एकदा त्याला दोन हजार मीटर पळवा आणि वेळ लिहा. वर्षभरानं ती वही कुठल्याही प्रशिक्षकाला दाखवा. एका दिवसाच्या शर्यतीपेक्षा ती वही आम्हाला कितीतरी जास्त सांगेल.

आणि पालकहो, तुमच्याकडे कुणी प्रशिक्षक मूल मागायला आला, तर त्याला त्याच्या पदकविजेत्यांची नावं जरूर विचारा. मग हेही विचारा, की ज्यांना पदक मिळालं नाही, ती मुलं आज काय करतात? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो नावागावासकट देऊ शकला, तर मूल खुशाल त्याच्या हाती सोपवा.